हसा, डॉक्टरांनी सांगितलंय

सकाळी सहा वाजता बागेत हसू यावं असं काहीही घडत नसतं. माळी पाइप धरून उभा असतो आणि पाइपला पाणी नसतं. दोन कुत्री आदल्या रात्रीच्या भांडणाचा उरलेला भाग उरकत असतात. कानटोपीवाले एक गृहस्थ मागे वसुलीवाला लागल्यागत फेऱ्या मारतात आणि दर फेरीला घड्याळात बघून स्वतःवर नाराज होतात. अशा वेळी गुलमोहराखालच्या घोळक्यातून एकदम ‘हो हो, हा हा हा’ असा गजर उठतो. नवखा माणूस दचकतो. कुत्री भांडण तहकूब करतात. हा आमच्या भागातला हास्यक्लब.

क्लब चालवतात ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. या गृहस्थांनी उभ्या नोकरीत वर्गात हसणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. आता न हसणाऱ्यांना पुढे बोलावतात. “मागची रांग! नुसते ओठ हलतायत, पोट हलत नाहीये. मला इथून दिसतंय.” मग मागची रांग मुकाट्याने पोट हलवते. हसण्याचे प्रकार ठरलेले आहेत. सिंहहास्यात जीभ बाहेर काढून पंजे उगारायचे आणि समोरच्या सिंहाकडे बघून हसायचं. समोरचा सिंह बहुधा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असतो. मिल्कशेक हास्यात दोन हातांत दोन काल्पनिक पेले धरून इकडचं तिकडे ओतायचं आणि घटाघटा प्यायचं. मधुमेहवाली मंडळी ओतता ओतता ‘बिनसाखरेचं’ असं बजावतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मोबाइल हास्यात तळहात कानाला लावून, पलीकडचा माणूस फार गमतीचं काही सांगतोय अशा थाटात हसत फिरायचं. एरवी त्या वयात येणारे फोन केवायसीचे असतात, तेव्हा या प्रकाराला कल्पनाशक्ती जास्त लागते. मूक हास्यात आवाज न करता खांदे गदागदा हलवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गेलं. एक पेपरवाला एकदा खरोखरच सायकलवरून उतरून टोपी काढून उभा राहिला होता.

एवढ्या शिस्तीत हसण्याची कल्पना जपानातून वगैरे आली असावी, असा पुष्कळांचा समज असतो. ती निघाली अंधेरीत. 13 मार्च 1995 रोजी डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या बागेत पहिला हास्यक्लब भरवला, तेव्हा हजेरी पाच जणांची होती. पद्धत साधी. एकाने मध्ये उभं राहून विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. पंधरवडाभरात विनोदांचा साठा संपला. त्यानंतर जे बाहेर येऊ लागले ते असे होते की महिला सभासद क्लब सोडायच्या गोष्टी करू लागल्या. लग्नाच्या आदल्या रात्री वऱ्हाडातले काका रंगात आल्यावर काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना त्या बागेतली परिस्थिती वेगळी सांगायला नको. तेव्हा कटारियांनी एक धाडसी निर्णय घेतला. विनोद काढून टाकला आणि हसणं ठेवलं. शरीराला खरं हसू आणि आणलेलं हसू यांतला फरक कळत नाही, छाती-पोट हलल्याशी मतलब, हे त्यामागचं तत्त्व. पत्नी माधुरी योगशिक्षिका, त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम आले आणि हास्ययोग तयार झाला. 1998 पासून जागतिक हास्यदिनही आला. तो आता मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने बागाबागांतून शाखा काढल्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या पुणेकरालाही हसायला लावलं, ही कामगिरी मी वेगळी नोंदवतो.

विनोद वगळल्यावर क्लब वाढला, याचं मला राहून राहून नवल वाटतं. साहित्य संमेलनवाल्यांनी यावरून आपल्या कार्यक्रमपत्रिकेचा विचार करायला हरकत नाही.

अर्थात एकाचं हसू ती दुसऱ्याची झोपमोड. कुर्ल्यातल्या एका तळ्याकाठी भरणाऱ्या हास्यक्लबाचं प्रकरण 2011 मध्ये थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. तक्रार अशी, की भल्या सकाळी ही मंडळी टाळ्या पिटून मोठमोठ्याने हसतात आणि त्याने शेजाऱ्यांना मनस्ताप होतो. ज्या शहरात लोकलचे भोंगे, पाण्याचे टँकर, वरच्या मजल्यावरची न संपणारी फरशी आणि गणपतीचे ढोल या कशानेही कुणाची कूस बदलत नाही, तिथे माणसं हसताहेत या आवाजाने जाग आली. सवय नसते, दुसरं काय.

आता हसणं औषधाच्या चिठ्ठीवरच आलं आहे. आमच्या मेहुण्यांना रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी, तेल कमी, चालणं जास्त असं सगळं सांगून, बिलाचा कागद पुढे सरकवता सरकवता म्हटलं, “आणि हसत राहा. टेन्शन घेऊ नका.” बिलाचा आकडा बघून मेहुण्यांनी दोन्ही गोष्टी एकदम केल्या. पण ताई तिथे हजर होती आणि ताई चिठ्ठीवरचं काही सोडत नाही. तिने घरी आल्यावर विचारलं, “हसायचं ते जेवणाआधी की नंतर?” मग फ्रिजवर वेळापत्रक लागलं. रात्री नऊ ते साडेनऊ, हसणे. त्या वेळात टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लावायचा आणि मेहुण्यांनी समोर बसायचं. ताई टीव्हीकडे बघत नाही, त्यांच्याकडे बघते. “अहो, तो साडी नेसून आला! हसा की!” मेहुणे हसतात. “हे काय हसणं? काल बरं होतं.” साडेनऊला पट्टा लावून रक्तदाब मोजतात, तर तो आठ वाजताच्यापेक्षा जास्त. ताईचं म्हणणं, डोस वाढवायला हवा.

हसून बरं होण्याच्या या प्रकाराला एक मोठा आधार नेहमी दिला जातो, तो नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकांचा. 1964 साली त्यांना सांध्यांचं भयंकर दुखणं लागलं. त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने भरपूर क जीवनसत्त्व घ्यायचं ठरवलं आणि जोडीला मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट लावून हसायचं. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास दुखण्यावाचून झोप लागते, असं त्यांनी लिहून ठेवलं आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 1979 साली फार गाजलं. ते हसण्यानेच बरे झाले का, याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही आणि ते असायचं कारणही नाही. मला त्या हकिगतीतला वेगळाच भाग आवडतो. त्यांच्या हसण्याने रुग्णालयातल्या इतर पेशंटना त्रास होऊ लागला. मग त्यांनी मुक्काम सरळ हॉटेलात हलवला. हॉटेलचा खर्च रुग्णालयाच्या साधारण एक तृतीयांश आला. आता सांगा, दुखणं कशाने निम्मं झालं असेल?

हसण्यासाठी विनोद लागतो, या समजुतीवर आपल्या सगळ्यांच्या फोनमधली निम्मी जागा खर्च झाली आहे. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक काका रोज पहाटे विनोद टाकतात. त्यात नवरा, बायको आणि माहेर ही तीन पात्रं असतात आणि शेवटी डोळ्यांतून पाणी येणारे सहा पिवळे चेहरे. उत्तरादाखल अकरा जण तेच सहा चेहरे परत पाठवतात. त्या वेळी त्या अकरा जणांचे खरे चेहरे कसे असतात हे मी पाहिलं आहे. त्यांतला एक माझा असतो.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर चांगलं काम करून ठेवलं आहे. प्रयोगशाळेत माणसं हसेनात, म्हणून तो आणि त्याचे विद्यार्थी बाजारात, मॉलमध्ये, कट्ट्यांवर जाऊन लोकांची बोलणी चोरून ऐकू लागले. आपल्याकडे हे काम चाळीतल्या गॅलरीत फुकट होत असे. हसण्याचे बाराशे प्रसंग त्यांनी टिपले आणि आढळलं असं, की ज्याला विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर लोक फार थोड्या वेळा हसतात. पाचांत एकदासुद्धा नाही. उरलेलं सगळं हसू ‘बरं, निघतो मी’ असल्या वाक्यांवर. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसतो, आणि एकटा माणूस हसतो त्याच्या तीसपट माणूस चारचौघांत हसतो.

हे वाचलं आणि मला आमच्या घराचं दार आठवलं. पाहुणे दोन तास सोफ्यावर बसलेले असतात. त्या दोन तासांत गुडघेदुखी, सोन्याचा भाव आणि कुणाच्या मुलाचं कॅनडात काय चाललंय, एवढंच होतं. हसणं बेताचं. मग पाहुणे उठतात, “निघतो आता” म्हणतात आणि दारात एक पाय चपलेत घालतात. दुसरा पाय चपलेत जायला पुढे पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात जे हसणं होतं ते समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडायला लावतं. मग समोरचेही येतात. जिन्यात कठड्याला टेकून, एका पायात चप्पल आणि हातात कुंकू लावलेला नारळ, अशा अवस्थेत माणूस इतका मोकळा का होतो, याचं उत्तर मला वाटतं सोपं आहे. आता निघायचंच आहे, म्हणजे चांगलं दिसायची जबाबदारी संपली. ‘पुन्हा या’ म्हणून झालंय, उपचार उरकलेत. त्यानंतर जो बोलतो तो खरा माणूस.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी 2011 मध्ये याच्या पुढची पायरी मोजली. लोकांना गटाने विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी-नंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद तपासली. कुणाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला, कुणाच्या हाताला बर्फासारखं गोठवलेलं वेष्टण गुंडाळलं, आणि ‘पुरे’ कधी म्हणताय ते बघितलं. मनापासून हसलेल्यांनी जास्त वेळ सोसलं. नुसत्या करमणुकीने तो फरक पडला नाही, हसावंच लागलं. चर्चगेटहून विरारला रोज जाणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष ठाऊक आहे. त्याच्या दंडाला पट्टा नसतो, तीन माणसं असतात. “आत सरका हो,” असं दारातून कुणी ओरडलं की आतून आवाज येतो, “आता सरकलो तर उद्याच्या गाडीत जाईन.” यात विनोद म्हणून दम नाही, हे मान्य. पण अंधेरी ते बोरिवली एका पायावर सोसायला पुरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याला हसवणारी गोष्ट आणि आपल्याला छळणारी गोष्ट या बहुधा एकाच पत्त्यावर राहतात, आणि तिथे शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. बागेत जाऊन वेगळं हसू आणायचं, हे ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण आमच्या क्लबातलीसुद्धा खरी गंमत साडेसात वाजता, कवायत संपल्यावर चहाच्या टपरीवर होते. तिथे मुख्याध्यापक नसतात. कोण सिंह झाला होता आणि कुणाची कवळी सिंहहास्यात सैल झाली, यावर माणसं जी हसतात, ती हो हो, हा हा हा अशी मोजून हसत नाहीत.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची माणसांत वाटणीही करून दिली आहे. स्मित आणि हसित उत्तम लोकांना. विहसित, उपहसित मध्यमांना. अपहसित आणि अतिहसित, म्हणजे डोळ्यांत पाणी, खांदे हलताहेत, आवाज फाटलाय आणि हातांनी कुशी धरल्या आहेत, हे अधमांना. समर्थ रामदासांनी तर विनोदाची आवडच टवाळांच्या खात्यावर टाकली. तेव्हा दोन हजार वर्षांचा शास्त्राधार असा आहे, की ज्या हसण्याने आरोग्य सुधारतं ते करायची परवानगी फक्त अधमांना आणि टवाळांना आहे. उत्तम पुरुषांनी दात न दाखवता रक्तदाबाची गोळी घ्यावी.

मराठी माणसाने हा सल्ला सुदैवाने फारसा मनावर घेतला नाही. पु. लं.चं नाव घेतल्याशिवाय मराठीत विनोदावर लेख लिहिता येत नाही असा नियम आहे. तो मी इथे पाळला. पण ताणाच्या बाबतीत मला जास्त जवळचे वाटतात ते चिं. वि. जोशी. बडोद्याला पाली भाषेचं अध्यापन करणारा हा विद्वान माणूस. त्यांनी चिमणराव उभा केला, आणि तो चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. दुसरा सांगेल तेव्हा सांगेल, आपणच आधी सांगून टाकावी, म्हणजे निदान तपशील तरी बरोबर जातील. मध्यमवर्गाने विनोदाकडून घेतलेली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि फोनवरच्या नवरा-बायकोच्या विनोदांत नेमकी तीच नसते. तिथे नेहमी दुसरा मूर्ख असतो.

मराठी माणूस सर्वांत मोकळेपणाने कुठे हसतो असं कुणी विचारलं, तर मी दहाव्याचं नाव घेईन. ऐकायला बरं वाटत नाही, पण ज्यांनी दहावे केले आहेत ते मान डोलावतील. घाटावर पिंड मांडलेला असतो. गुरुजींना अकरा वाजता दुसऱ्यांकडे जायचं असतं. घरातली माणसं कित्येक रात्री धड झोपलेली नसतात, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या रात्रीची हकिगत पहिल्यापासून सांगून घसे बसलेले असतात. आणि एवढं सगळं येऊन अडलेलं असतं एका कावळ्यावर. एरवी हाच कावळा बाल्कनीतून वाळवणाचे पापड पळवतो. आज तो फांदीवर बसून मान तिरकी करून बघतो आणि खाली उतरत नाही. याचा अर्थ गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. ती आता शोधून काढायची, आणि मोठ्याने कबूल करायची.

आमच्या नात्यातल्या नानांच्या दहाव्याला हा तपास चांगला लांबला. थोरल्या मुलाने हात जोडून सांगितलं, “नाना, आईला आम्ही अंतर देणार नाही.” कावळा ढिम्म. धाकटा पुढे झाला. “नाना, गावची जमीन आम्ही विकणार नाही.” कावळ्याने चोच फांदीला पुसली. थोरल्याने मात्र वळून धाकट्याकडे पाहिलं, कारण जमीन विकायचं चाललं होतं हे त्याला तेव्हाच कळत होतं. मुलगी म्हणाली, “नाना, तुमच्या नातीचं लग्न अगदी थाटात करू.” मागून नातीचा आवाज आला, “आई, माझं नाही म्हणून झालंय.” कावळा दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. मग कुणी म्हणालं चहा ठेवा, नानांना चहा फार लागायचा. टपरीवरून चहा आला. कुणी म्हणालं साखर कमी हवी होती. दुसरा चहा आला. तोवर पहिला चहा गुरुजींनी घेतला.

शेवटी गुरुजी म्हणाले, “दर्भाचा कावळा करून लावून घेऊ. शास्त्रात सोय आहे.” यावर आत्या उसळली. “काही नको! माझ्या भावाने जन्मात डुप्लिकेट माल घेतला नाही.” पहिलं हसू इथे फुटलं, पण ते पदराआड आणि रुमालात. सुनांनी माना खाली घातल्या, खांदे तेवढे हलत होते. ते मूक हास्य असल्याचं मला आता कळतंय. तेव्हा लांबच्या नातेवाइकांना वाटलं, सुनांना फारच लागलंय.

तेवढ्यात नानांचे पत्त्यांतले भिडू, काठी टेकत, पिंडापाशी आले. त्यांनी वर कावळ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “नाना, त्या रविवारी मेंढीकोटात हुकमाची राणी तुम्ही दाबून ठेवली होतीत. मला माहीत होतं. मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही.” आणि कावळा उतरला. पिंडाला चोच मारून, बाजूची जिलबी उचलून गेला.

क्षणभर कुणालाच कळेना की आता चेहरा कसा ठेवायचा. शेवटी नानांच्या पत्नी, आमच्या काकूच म्हणाल्या, “दाबायचेच ते. माझ्याशी खेळतानासुद्धा.” त्यानंतर घाटावर जे हसू पसरलं ते भरतमुनींच्या यादीतलं शेवटचं, कुशी धरायला लावणारं. गुरुजी हसले, आत्या हसली, जमिनीवरून एकमेकांकडे बघणारे दोघे भाऊ हसले. शेजारी दुसऱ्या कुणाचं दहावं चाललं होतं, ती मंडळी आधी रागाने बघत होती. त्यांना कुणीतरी काय झालं ते सांगितलं, तर त्यांच्यातला एक जण आपल्या वडिलांच्या पिंडापाशी जाऊन पत्त्यांचंच काहीतरी बोलू लागला. त्या दिवशी दुपारी काकू जेवताना म्हणाल्या, आमटीत मीठ नाही. घरातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हे कुठल्या वेळापत्रकात बसवणार?

बँकांत पूर्वी मार्चअखेर असाच असायचा. संगणक नव्हते, लेजर हाताने जुळवायची, आणि रात्री एक वाजता सगळ्या शाखेचा हिशेब नेमका नव्वद पैशांनी चुकायचा. मॅनेजरपासून शिपायापर्यंत कुणी घरी जाऊ शकत नसे. अशा वेळी प्रत्येक शाखेत एक तरी माणूस असा असायचा जो खिशातून एक रुपया काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, “घ्या, आणि दहा पैसे परत द्या, बायको हिशेब विचारते.” नियमात बसत नाही म्हणून मॅनेजर तो रुपया परत करायचे, पण त्यानंतर नव्वद पैसे सापडायचे. या माणसाला बढती मात्र सगळ्यांत शेवटी मिळायची. वार्षिक अहवालात ‘कामाकडे पाहण्याची वृत्ती गंभीर नाही’ असा शेरा असे आणि शेरा लिहिणाऱ्याला त्याच्यावाचून मार्च काढता येत नसे.

रुग्णालयात हे काम बहुधा पेशंटलाच करावं लागतं. बाहेरची माणसं घाबरून इतकी गंभीर झालेली असतात की त्यांना सांभाळायला पलंगावरच्याशिवाय कुणी उरत नाही. आमच्या मामीचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. मामा संमतीपत्रक पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचत होते. भूल देण्यातले धोके, रक्तस्राव, क्वचित मृत्यू. मामी म्हणाली, “सही करा आणि द्या. लग्नाच्या वेळी काही वाचलं होतंत का?” मग सिस्टर आल्या. बांगड्या काढा म्हणाल्या. काढल्या. मंगळसूत्र काढा. काढलं. चष्मा काढा, कवळी काढा. तेही झालं. मामीने स्वतःकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “सिस्टर, आता जी उरलेय ती आत नेणार की बिलासाठी बाहेर ठेवणार?” कवळी नसल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. शेवटी मामांनी, लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाल्याच्या सरावाने, ते सिस्टरना समजावून सांगितलं. सिस्टर आधी नियमाप्रमाणे रागावल्या, आणि स्ट्रेचर ढकलता ढकलता लिफ्टपाशी जाऊन त्यांना हसू आवरेना.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन, प्रथेप्रमाणे, काढलेले खडे प्लॅस्टिकच्या डबीत घालून मामांच्या हातात दिले. कवळीची डबी आधीपासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतीच. संध्याकाळी मामी शुद्धीवर आली. भोवती सगळे वाकून उभे. तिने डोळे उघडले आणि तोंडाकडे बोट दाखवलं. मामांनी घाईघाईने खिशातून डबी काढली, झाकण उघडलं आणि तिच्या पुढ्यात धरली. मामीने चष्म्याशिवाय डोळे बारीक करून आत पाहिलं. मग भुलीच्या गुंगीतून, दातांशिवाय, पण सगळ्यांना कळेल इतक्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली, “अहो, हे दात माझे नाहीत.”